स्टोची बाग पाहायची कशी: तयारी, फेरीचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

इंग्लंडच्या बकिंगहॅमशायरमधल्या स्टो बागेला जाऊन आलेल्यांची तक्रार ठरलेली असते. फुलं कुठे दिसलीच नाहीत, चालून पाय मोडले, एक पूल तेवढा छान होता. यातलं काहीच खोटं नाही. पण बहुतेक जण दुपारी बाराला पोहोचतात, नकाशा न बघता फोटोतल्या पुलाकडे सुटतात आणि तिथून मन मानेल तसे भटकतात. ही बाग तशी भटकून हाती लागत नाही. तिच्यात हिरवळ, पाणी, झाडं आणि सुमारे ४० देवळं, कमानी, पूल, खांब आहेत. त्यातली प्रत्येक इमारत कुठल्या तरी दुसऱ्या ठिकाणावरून दिसावी म्हणून बांधलेली आहे. चुकीच्या बाजूने गेलात तर इमारत दिसेल, पण तिच्यासाठी रचलेलं दृश्य निसटेल.

बाग २५० एकरांची आहे. सगळी एका दिवसात पाहता येते, पण क्रमाने गेलं तरच. खालचा क्रम घड्याळाच्या काट्याच्या दिशेचा आहे: दक्षिणेकडून आत, मग पश्चिम, मधली दरी, उत्तर, पूर्व आणि परत दक्षिण. निवांत चालणाऱ्याला जेवण धरून चार ते पाच तास लागतात.

टप्पा १: कशासाठी जाताय ते आधी ठरवा

गुलाबांचे ताटवे आणि रंगीत वाफे पाहायचे असतील तर स्टोला जाऊ नका. जूनमध्ये केंटमधलं सिसिंगहर्स्ट किंवा ग्लॉस्टरशायरमधलं हिडकोट गाठा. स्टोमध्ये फुलं आहेत ती मोसमापुरती: जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत स्नोड्रॉप, त्यामागोमाग डॅफोडिल. एरवी इथला रंग हिरवा, दगडाचा पिवळसर आणि पाण्यात पडलेल्या आभाळाचा.

ऋतू निवडताना दोन गोष्टी बघा, उजेड आणि चिखल. डिसेंबरात सूर्य चारच्या आसपास मावळतो आणि बागही लवकर बंद होते. दुपारी एकला पोहोचलेल्या माणसाची फेरी तेव्हा अर्धवटच राहणार. शिवाय इथली माती चिकण आहे, हिवाळ्यात गवतावरच्या वाटा घसरड्या होतात. उलट पानं गळल्यामुळे उन्हाळ्यात झाडीआड जाणाऱ्या इमारती हिवाळ्यात लांबूनही दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने एप्रिलअखेर ते मे किंवा ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा धरावा.

इशारा: जून-जुलैत गवताच्या परागकणांचा त्रास जोरात असतो. भारतात कधी शिंकही न आलेल्या माणसाला इंग्लंडमधल्या दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात तो अचानक सुरू होऊ शकतो. डोळे चुरचुरत असतील तर केमिस्टकडून ॲलर्जीची गोळी आधीच घेऊन ठेवा. झोप न आणणारी मागा, कारण गाडी चालवायची आहे.

टप्पा २: तिकीट काढताना घर आणि बाग वेगळी धरा

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. बाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. मधोमध दिसणारं प्रचंड घर त्यांचं नाही. तिथे १९२३ पासून निवासी शाळा चालते आणि घराच्या जतनाचं काम वेगळा न्यास बघतो. बागेच्या तिकिटात घर येत नाही. ते ठरावीक दिवशीच उघडतं आणि त्या दिवसांचं वेळापत्रक शाळेच्या सत्रांप्रमाणे बदलतं.

क्रम असा ठेवा. आधी घर कुठल्या दिवशी उघडं आहे ते त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर बघा. मग तोच दिवस धरून बागेची वेळ बघा. शेवटचा प्रवेश किती वाजता आहे, हेही बघा. बाग बंद होण्याची वेळ आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ एक नसते.

तिकिटाच्या खिडकीवर दोन दर सांगितले जातात, एक साधा आणि एक थोडा जास्त, गिफ्ट एडसह. जास्तीचा दर यूकेत आयकर भरणाऱ्यांसाठी आहे. त्यावर संस्थेला सरकारकडून कराचा परतावा मिळतो. भारतातून आलेल्या आईवडिलांचं तिकीट काढताना साधा दर मागा. त्यांच्या नावाने गिफ्ट एडचा फॉर्म भरायचा नसतो.

पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. वर्षभरात ट्रस्टची चार-पाच ठिकाणं पाहायचा विचार असेल तर सुटी तिकिटं काढण्याआधी वार्षिक सदस्यत्वाचा हिशोब करून बघा. कुटुंबासाठी ते बहुधा स्वस्त पडतं.

टप्पा ३: योग्य स्टोला पोहोचा

नकाशात नुसतं 'स्टो' टाकू नका. ग्लॉस्टरशायरमधलं स्टो-ऑन-द-वोल्ड हे पर्यटकांचं आवडतं गाव वेगळं, इथून गाडीने सुमारे तासाभरावर. 'स्टो स्कूल' टाकलंत तर शाळेच्या दाराशी जाल, तिथून बागेत सोडत नाहीत. आपल्याला जायचंय बागेच्या प्रवेशद्वाराशी, न्यू इनला. पोस्टकोड: एमके१८ ५ईक्यू.

गाडीने: लंडनहून एम४० घेतलात तर ९ क्रमांकाच्या जंक्शनला उतरून बिस्टरमार्गे बकिंगहॅम. एम१ने आलात तर मिल्टन कीन्सवरून ए४२१. बकिंगहॅममधून बॅनबरीच्या दिशेने जाणाऱ्या ए४२२ला लागलं की स्टो ॲव्हेन्यूचा फाटा येतो. हा दीड मैलांचा सरळसोट रस्ता समोरच्या टेकडीवरच्या कोरिंथियन कमानीवर रोखलेला आहे. कमान दिसली की लोक रस्त्यातच गाडी थांबवून फोटो काढतात. मागून येणाऱ्याला चढउतारामुळे थांबलेली गाडी शेवटच्या क्षणी दिसते. थांबू नका. हीच कमान आतून, तळ्याकाठून जास्त चांगली दिसते.

रेल्वेने: बकिंगहॅमला रेल्वे स्टेशन नाही. लंडन यूस्टनहून मिल्टन कीन्स सेंट्रल, तिथून बसने बकिंगहॅम, आणि पुढचे सुमारे ३ मैल टॅक्सी. परतीची टॅक्सी सकाळीच ठरवून ठेवा. लहान गाव आहे, संध्याकाळी ॲपवर गाडी मिळेलच असं नाही. रविवारी बसही कमी असतात.

तपासा, निघण्यापूर्वी:
- बागेचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतलाय का? झाडीत नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.
- घर आणि बाग, दोन्ही आज उघडी आहेत का?
- परतीची शेवटची बस किंवा टॅक्सी कितीची?

टप्पा ४: पाय, कपडे, डबा

वाटा खडीच्या आहेत, काही गवतातून जातात, चढउतार आहेत. सपाट तळव्याच्या सँडल, मोजडी, कोल्हापुरी नको. पकड असलेले बूट हवेत. साडी किंवा पंजाबी ड्रेस खुशाल घाला, पण खाली बूट आणि मोजे घालाच. वाटेकडेच्या खाजकुयलीसारख्या नेटलचा स्पर्श घोट्याला झाला की अर्धा-एक तास आग होते. उंच गवतात गोचीड असतात. परतल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे आणि मोज्यांच्या कडेला बघून घ्या.

मे महिन्यातसुद्धा एक वाऱ्याचं जाकीट आणि एक पावसाचं हवं. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं, कारण उत्तरेकडच्या ग्रीशियन व्हॅली या दरीच्या वरच्या अंगाला वारा छत्री उलटी करतो.

डबा न्यायला हरकत नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी असं कोरडं न्या. बसायला प्लास्टिकचं अस्तर असलेली चटई घ्या. गवत वरून कोरडं दिसलं तरी खालून ओलं असतं आणि काही भागांत मेंढ्या चरतात, तेव्हा लेंड्या बघून बसा. शेगडी किंवा बार्बेक्यू पेटवायचा नाही. उरलेल्या पुऱ्या बदकांना घालायच्या नाहीत.

गुडघ्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर किंवा बॅटरीवरची गाडी आधी फोन करून राखून ठेवावी लागते. जाऊन मागितली तर मिळेलच असं नाही.

टप्पा ५: न्यू इन ते बेल गेट

न्यू इन ही १७१७ची सराई. बाग बघायला येणाऱ्यांसाठीच मुद्दाम बांधलेली, पुढे पडझड झालेली आणि आता दुरुस्त करून प्रवेशद्वार केलेली. तिकीट, चहा, दुकान आणि स्वच्छतागृह इथे आहे. आत सोय शोधत फिरण्यापेक्षा सगळ्यांनी इथूनच उरकून निघा, विशेषतः मुलांनी.

बाग इथे सुरू होत नाही. बागेच्या खऱ्या दारापर्यंत, बेल गेटपर्यंत, साधारण दहा मिनिटांची चाल आहे, आणि परत येताना तीच दहा मिनिटं थकल्या पायांनी चालायची आहेत. वेळेच्या हिशोबात जाण्या-येण्याची मिळून वीस-पंचवीस मिनिटं वेगळी धरा. ती न धरल्याने शेवटी धावपळ होते. चालणं जमणार नसेल तर वाहनाची सोय आज चालू आहे का, ते तिकीट काढतानाच विचारा.

टप्पा ६: तळ्याकाठी पहिला थांबा

बेल गेटमधून आत आलं की लेक पॅव्हिलियन नावाचे दोन छोटे मंडप लागतात. इथे पाच मिनिटं थांबायचं. समोर, उत्तरेला, ऑक्टॅगन लेक. त्यापलीकडे चढती हिरवळ आणि माथ्यावर घराची दक्षिण बाजू. आता पाठ फिरवा. दोन मंडपांच्या मधल्या रेषेत टेकडीवर कोरिंथियन कमान. घर, तळं, मंडप आणि कमान एका ओळीत आहेत. बागेचा हा कणा. पुढे कुठेही वाट चुकलात तरी ही ओळ सापडली की आपण कुठे आहोत ते कळतं.

तळ्याच्या नावावर जाऊ नका. त्याच्या आठ बाजू १७५०च्या दशकात मोडून काठ नैसर्गिक वाटेल असा केला, त्यामुळे अष्टकोन शोधून सापडणार नाही. मुलं बरोबर असतील तर तळ्यातल्या बेटावर नाटककार काँग्रीव्हचं स्मारक शोधायला सांगा: छोट्या पिरॅमिडवर बसून आरशात बघणारं माकड.

फोटो: सूर्य बहुतेक वेळ तुमच्या पाठीमागे असतो, त्यामुळे घराचा फोटो इथून कधीही येतो. पण पाणी आरशासारखं हवं असेल तर वारा उठायच्या आधी, सकाळी लवकर.

इथून बहुतेक लोक उजवीकडे पुलाकडे वळतात. तुम्ही डावीकडे वळा. पूल शेवटी येणार आहे.

टप्पा ७: पश्चिमेची बाजू

ट्रस्टने बागेत तीन वाटा सुचवल्या आहेत. पश्चिमेची दुर्गुणांची, मधली सद्गुणांची आणि पूर्वेची स्वातंत्र्याची. ही नावं गंमत म्हणून दिलेली नाहीत. बागेचा मालक लॉर्ड कोबम पंतप्रधान वॉलपोलचा विरोधक होता आणि बागेतल्या इमारती हा त्याचा राजकीय टोमणा होता. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हर्मिटेज या मुद्दाम ओबडधोबड बांधलेल्या कुटीवरून टेंपल ऑफ व्हीनसला जा. वास्तुकार विल्यम केंटने १७३१मध्ये ते बांधलं. इथल्या कुठल्याही 'टेंपल'मध्ये पूजा कधीच झाली नाही. आईवडिलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे पायरीशी बूट काढण्याचा प्रसंग येणार नाही. व्हीनसच्या पायऱ्यांवरून इलेव्हन एकर लेकच्या पलीकडे बघा, मग तळ्याला वळसा घालून रोटंडोला जा. ही व्हॅनब्रूची गोल, उघडी, खांबांवरची छत्री. तिच्या मध्ये उभं राहून स्वतःभोवती एक फेरी घ्या. वेगवेगळ्या दिशांना झाडीत मोकळ्या रांगा ठेवल्या आहेत आणि प्रत्येकीच्या टोकाला काहीतरी आहे.

रोटंडोकडून घरासमोरच्या हिरवळीवर या. घराचं तिकीट काढलं असेल तर ते आता पाहून घ्या. नसेल तर पायऱ्या चढून दारं चाचपू नका, ती शाळा आहे.

इशारा: कडेने चालताना 'हा-हा' सांभाळा. मेंढ्या आत येऊ नयेत पण कुंपण दिसू नये, म्हणून केलेला हा खोल चर. एका बाजूला उभी भिंत, दुसऱ्या बाजूला उतार. बागेच्या बाजूने तो अजिबात दिसत नाही, हिरवळ सलग वाटते. पळणारी मुलं आणि सेल्फीसाठी मागे मागे सरकणारी मोठी माणसं, दोघांनाही आवरा.

टप्पा ८: एलिशियन फील्ड्स, इथे घाई नको

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, हा टप्पा सोडू नका. पूर्वेला उतरणारी ही छोटी दरी आहे. क्रम चुकला तर इथे सर्वांत जास्त नुकसान होतं.

पहिलं, डोरिक कमान. पलीकडे जाण्याआधी अलीकडेच थांबा. कमानीच्या चौकटीत लांबवर पॅलेडियन पूल आणि त्याही मागे क्षितिजावर एक किल्ला दिसेल. तो किल्ला खोटा आहे, किल्ल्याचा मुखवटा चढवलेली ती शेतवाडी. झाडांना पालवी दाट असली तर डावी-उजवीकडे एक-दोन पावलं सरकून बघा.

दुसरं, टेंपल ऑफ एन्शंट व्हर्च्यू. आत चार कोनाड्यांत चार ग्रीक: होमर, सॉक्रेटिस, लायकर्गस आणि एपॅमिनॉन्डस. मूळ पुतळे विकले गेले, हे त्यांच्या नकला आहेत. आता बाहेर येऊन दरीपलीकडे बघा. पाण्याच्या पल्याड अर्धगोलाकार भिंतीत काही डोकी दिसतील. ती टेंपल ऑफ ब्रिटिश वर्दीजमधली. ते इंग्रज थोर या प्राचीन सद्गुणांकडे खालून वर, पाण्यापलीकडून बघतात. रचना अशीच आहे. म्हणून आधी इथून तिकडे बघायचं, मग तिकडे जाऊन इकडे बघायचं. उलट केलं तर भिंतीतली सोळा डोकी एवढंच हाती लागतं.

तिसरं, शेल ब्रिज ओलांडून पलीकडे. हा दिसतो पूल, पण आहे पाणी अडवणारा छोटा बांध.

चौथं, ब्रिटिश वर्दीज. सोळा अर्धपुतळे, मधोमध पायऱ्यांचा पिरॅमिड. एका अंगाला विचारवंत: शेक्सपिअर, मिल्टन, न्यूटन, बेकन, लॉक आणि इतर. दुसऱ्या अंगाला कर्ते: राजा आल्फ्रेड, ड्रेक, रॅले, हॅम्पडन वगैरे. बाई एकच, राणी एलिझाबेथ पहिली. प्रत्येकावर लेख आहे. सोळाही वाचायला अर्धा तास जातो. निदान दोन्ही अंगांचे दोन-दोन वाचा, फरक कळतो. भिंतीचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी चेहरे सावलीत असतात, दुपारी दोननंतर ऊन थेट पडतं. घड्याळाच्या दिशेने फिरायला सांगण्याचं हेही एक कारण.

तपासा: भिंतीच्या मागे जाऊन आलात का? तिथे सिन्योर फिडो नावाच्या एका सद्गुणी जिवाचा लेख आहे. तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मागे काय आहे ते न बघता जाणारेच जास्त.

पाचवं, दरीच्या वरच्या टोकाला ग्रोटो, जिथून हे पाणी निघाल्यासारखं दिसतं. आत अंधार आणि ओल असते, पाय जपून.

याच भागात झाडांआड सेंट मेरीचं चर्च आहे. बागेसाठी इथलं गाव हटवलं, चर्च तेवढं राहिलं. तिथे अजून प्रार्थना होतात. आत गेलात तर आवाज कमी ठेवा.

नवं-जुनं ओळखायचं कसं

पुनरुज्जीवित बागेत हे कळलं तर बघण्यात दुप्पट मजा येते. १८४८मध्ये घरातल्या वस्तूंचा मोठा लिलाव झाला, १९२१-२२मध्ये पुतळेही विकले गेले. १९८९मध्ये बाग ट्रस्टकडे आली आणि इमारतींची दुरुस्ती, गेलेल्या पुतळ्यांच्या प्रती परत उभ्या करणं हे काम सुरू झालं. ते अजून चालू आहे, तेव्हा एखादी इमारत परांचींनी वेढलेली दिसली तर चिडू नका.

पुतळा बघताना तीन गोष्टी बघा. पृष्ठभागावर शेवाळ-दगडफूल आहे की सगळं एकसारखं गुळगुळीत? नाक, बोटं, कपड्याच्या चुण्या अजून धारदार आहेत का? आणि चौथऱ्याचा दगड पुतळ्याच्या दगडाशी जुळतो का? जुना चौथरा आणि नवा पुतळा अशी जोडी इथे पुष्कळ ठिकाणी आहे. लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी सोपा अभ्यास: शिल्पकार रिसब्रॅकने स्टोसाठी घडवलेल्या सॅक्सन देवांपैकी थुनर आणि सुन्ना हे मूळ पुतळे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. आधी ते पाहून आलात तर डोळा तयार होतो.

टप्पा ९: ग्रीशियन व्हॅली

ग्रोटोवरून उत्तरेला टेंपल ऑफ कॉन्कॉर्ड अँड व्हिक्टरीला चढा. २८ खांबांच्या या इमारतीचे १६ खांब १९२०च्या दशकात शाळेच्या चॅपलसाठी काढून नेले होते. ट्रस्टने ते नव्याने घडवून बसवले. कुठले ते मघाच्या युक्तीने शोधा.

पायऱ्यांवर बसून समोरची दरी बघा. ती निसर्गाची वाटते, पण बागरचनाकार लॅन्सलॉट ब्राउनच्या देखरेखीखाली १७४०च्या दशकात २३,५०० घनयार्ड माती माणसांनी फावड्यांनी उपसून केलेली आहे. इथे बघायची वस्तू नाहीच, उताराचा बाक हेच बघणं. कंटाळा येणाऱ्यांनी डबा इथे उघडावा.

टप्पा १०: पूर्वेची बाजू, आणि शेवटी तो पूल

ही सर्वांत लांब आणि मोकळी बाजू आहे. कोबमच्या उंच स्तंभावरून क्वीन्स टेंपलला या, मग कुरणातून दक्षिणेला उतरत गॉथिक टेंपल. पिवळट-तांबूस दगडाची, त्रिकोणी आराखड्याची जेम्स गिब्सची ही इमारत लँडमार्क ट्रस्ट सुट्टीसाठी भाड्याने देतं. आत माणसं राहत असतात. खिडकीला नाक लावून बघू नका.

या कुरणात गुरं किंवा मेंढ्या असू शकतात. फाटक उघडलंत तर लावून घ्या, गाय-वासराच्या मधून जाऊ नका.

खाली पॅलेडियन पूल. १७३८चा. इंग्लंडमध्ये याच्यासारखे विल्टन आणि बाथजवळच्या प्रायर पार्कमध्ये आहेत. इथला वेगळा कसा ते पायाला कळतं: पायऱ्यांऐवजी उतार, कारण यावरून घोडागाडी जायची. व्हीलचेअर ढकलणाऱ्यांना त्याचा आज फायदा होतो. फोटो पुलावरून काढू नका, पाण्याच्या काठाने थोडं पश्चिमेला सरकून काढा, म्हणजे कमानी आणि प्रतिबिंब दोन्ही येतील. संध्याकाळचं ऊनही तिकडूनच पुलावर येतं.

प्री-वेडिंग शूटची टोळी घेऊन जायचा बेत असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. घरच्यांचे फोटो काढायला कुणी अडवत नाही, पण व्यावसायिक चित्रीकरण विनापरवाना चालत नाही. ड्रोन तर उडवायचाच नाही.

पुलावरून टेंपल ऑफ फ्रेंडशिपच्या भग्न भिंती बघून तळ्याकाठी पेबल अल्कोव्हला या. एका कोनाड्यात खडे बसवून केलेली ही नक्षी आहे, त्यात कोबमच्या घराण्याचं, म्हणजे टेंपल आडनावाच्या घराण्याचं, बोधवाक्यही खड्यांनीच लिहिलंय. बसायला बाक आहे. इथून लेक पॅव्हिलियन आणि बेल गेट जवळच.

वेळ किंवा गुडघे कमी पडत असतील तर

दोन तास हाती असतील: टप्पा ६, मग तळ्याच्या उजव्या काठाने पेबल अल्कोव्ह, एलिशियन फील्ड्स, पूल आणि परत. दरीत शिरताना मात्र डोरिक कमान आणि एन्शंट व्हर्च्यूपर्यंत आधी चढा, मग वर सांगितलेल्या क्रमाने उतरा.

तीन तास असतील तर यात ग्रीशियन व्हॅली जोडा, पश्चिम सोडा. ती दुसऱ्या खेपेला ठेवा.

ज्येष्ठ बरोबर असतील तर सगळ्यांनी एकत्रच फिरलं पाहिजे असा हट्ट नको. त्यांना तळ्याकाठच्या बाकावर थर्मास आणि शाल देऊन बसवा, बाकीच्यांनी दरी करून या. मात्र एका माणसाने त्यांच्याजवळ थांबा, आणि भेटायची जागा 'पुलाजवळ' अशी ठरवू नका. बागेत पूल एकाहून जास्त आहेत. 'बेल गेटच्या आत, मंडपाशी' असं नेमकं सांगा.

बाग बंद व्हायच्या निदान पाऊण तास आधी बेल गेटकडे वळा. न्यू इनमधला चहा बागेच्या आधी बंद होतो, तेव्हा चहा हवाच असेल तर आणखी अर्धा तास अलीकडे.